‘मेक अप द डिफरन्स’ म्हणजे साहेब नक्की काय करायला सांगतायत?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे एका पतसंस्थेत रोखपाल आहेत. दिवसअखेर रोख मोजली तेव्हा ३५० रुपये कमी भरले. मुख्य कार्यालयातून मेल आला : ‘यू विल हॅव टु मेक अप द डिफरन्स बाय फ्रायडे.’ त्यांनी शब्दकोश उघडला, तर ‘मेक अप’चा पहिलाच अर्थ निघाला ‘खोटं रचणे, बनाव करणे’. आता ते विचारतात, साहेब मला खोट्या नोंदी करायला सांगतायत का? शिवाय त्या अर्थाखाली आणखी सात-आठ अर्थ आहेत, ते सगळे पाठ करायचे की यात काही युक्ती आहे?

आधी तुमचा जीव भांड्यात पडू द्या. साहेब खोटं लिहायला सांगत नाहीत. तूट भरून काढा म्हणतायत, आणि मेल तुमच्याच नावाने आलाय, म्हणजे पदरमोड करून भरा. जीव भांड्यात पडला, पण खिसा ३५० रुपयांनी हलका होणार.

शब्दकोशाने तुम्हाला फसवलं नाही. तुम्ही उचललेला अर्थ खराच आहे, फक्त तो दुसऱ्या वाक्यातला आहे. नोकरदारांना संध्याकाळच्या वर्गात इंग्रजी शिकवायला लागून मला आता सव्वीस वर्षं झाली. या एका जोडीवर दर वर्षी कोणी ना कोणी घसरतंच. त्यांना मी एकच प्रश्न विचारायला लावते : ‘मेक अप’च्या पुढे जे आलंय ती वस्तू आहे की खड्डा? ‘डिफरन्स’, ‘शॉर्टफॉल’, ‘लॉस’, ‘लॉस्ट टाइम’ हे सगळे खड्डे, कुठेतरी काहीतरी कमी पडलेलं. खड्डा कोणी रचत नाही, खड्डा भरतात. तिथे अर्थ ‘भरून काढणे’. उलट ‘स्टोरी’, ‘एक्स्क्यूज’, ‘नेम’, ‘फिगर्स’ या वस्तू. त्या आधी नव्हत्या, तुम्ही उभ्या केल्यात. तिथे अर्थ ‘रचणे’, आणि तेही मनाने, पदरचं घालून.

या दुसऱ्या अर्थाने माझ्या एका विद्यार्थ्याची काय गत केली ते सांगते. गोष्ट बारा-पंधरा वर्षांपूर्वीची. मुलगा एका कारखान्याच्या लेखा विभागात होता. काम चोख, फक्त इंग्रजी लिहायची वेळ आली की घाम फुटायचा. परदेशी गिऱ्हाइकाच्या ऑडिटरने मेलवर विचारलं की हे साठ्याचे आकडे तुम्ही कसे काढलेत? याने मोठ्या प्रामाणिकपणे उत्तर धाडलं : ‘आय मेड अप दीज फिगर्स फ्रॉम द स्टोअर रजिस्टर.’ याला म्हणायचं होतं, स्टोअरच्या रजिस्टरवरून हे आकडे मी तयार केले. पलीकडच्याने वाचलं की हे आकडे मी मनाने ठोकून दिले. अर्ध्या तासात फोन आला. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. आणि हा आपला छातीवर हात ठेवून सांगतोय, ‘येस सर, आय ओन्ली मेड देम अप, नोबडी हेल्प्ड मी.’ जितका खरा बोलत होता तितका गुन्हा कबूल करत होता.

संध्याकाळी वर्गाला आला तो त्या मेलची प्रिंट घेऊन, चेहरा पडलेला. वर्ग सुटल्यावर आम्ही समोरच्या चहाच्या गाडीवर बसलो आणि मी त्याला तिथेच तीन पर्याय लिहून दिले. ‘कम्पाइल्ड’ म्हणजे नोंदींवरून एकत्र केले. ‘वर्क्ड आउट’ म्हणजे हिशेब करून काढले. आणि ‘पुट टुगेदर’ म्हणजे जुळवून तयार केले. यातला कुठलाही चालला असता. ‘मेक’ आणि ‘अप’ हे दोन्ही शब्द निर्मळ आहेत, पण आकड्यांच्या शेजारी एकत्र आले की वास मारतात.

मग मी त्याला विचारलं, ‘मराठीत काय म्हणाला असतास?’ तो म्हणाला, ‘आकडे जुळवले.’ आता गंमत बघा. ‘आकडे जुळवले’ हे मराठीतसुद्धा कसं म्हणता त्यावर आहे. सरळ आवाजात म्हटलं तर ताळा केला. डोळा बारीक करून म्हटलं तर घोटाळा केला.

मराठी माणसाला ‘मेक अप’ अवघड जाऊ नये असं मला वाटतं ते यामुळेच. आपल्याकडे हा दुतोंडी प्रकार घरचाच आहे. ‘बनावट’ हा शब्द घ्या. ‘जपानी बनावटीचं घड्याळ’ म्हटलं की माल चांगला. ‘बनावट घड्याळ’ म्हटलं की माल नकली. शब्द तोच, एका ‘च्या’ने इज्जत राहिली, नाहीतर गेली. ‘बनवणे’चंही तसंच. आई भाजी बनवते आणि भोंदू बाबा लोकांना बनवतो. ‘रचणे’ घ्या : ओवी रचतात, चिता रचतात, कुभांडही रचतात. करणं, घडवणं, उभं करणं या क्रियेत ‘नसलेलं उभं करणं’ दडलेलं असतंच, आणि त्याची एक बाजू कलेकडे जाते, दुसरी लबाडीकडे. इंग्रजीत लहान मुलाला झोपताना गोष्ट ‘मेक अप’ करून सांगणारा बाप आणि उशिरा आल्याचं कारण ‘मेक अप’ करणारा कारकून एकाच क्रियापदावर बसतात. बापाचं कौतुक होतं, कारकुनाला मेमो मिळतो.

आता ‘अप’कडे वळू. विद्यार्थी विचारतात, यात वर काय आहे? वर काही नाही. ‘खाऊन टाक’ मध्ये तरी कोण काय टाकतं? आपलं हे ‘टाकणे’ क्रिया पुरी झाली एवढंच सांगतं, आणि इंग्रजीत बऱ्याच जागी तेच काम ‘अप’ करतो. ‘ईट अप’ म्हणजे खाऊन टाक, ‘ड्रिंक अप’ म्हणजे पिऊन टाक, ‘यूज अप’ म्हणजे संपवून टाक. ‘फिल अप’ म्हणजे काठोकाठ भर. ‘मेक अप’ला या रांगेत उभं केलं की त्याचे बरेचसे अर्थ एका घरचे वाटायला लागतात : काहीतरी अपुरं आहे, ते पुरं करायचं. शब्दाचा इतिहास अर्थ न् अर्थ असाच घडत गेला असं माझं म्हणणं नाही. लक्षात ठेवायला ही खुंटी बरी, एवढंच.

संस्कृत शिकलेल्यांना दुसरी खुंटी देते. शाळेत हा श्लोक घोकला असेल : ‘उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते । प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत् ॥’ उपसर्ग धातूच्या अर्थाला जबरदस्तीने दुसरीकडे ओढून नेतो. धातू एकच, ‘हृ’. पुढे ‘प्र’ लागला की मार, ‘आ’ लागला की जेवण, ‘सम्’ लागला की नाश, ‘वि’ लागला की मौजेची भटकंती. इंग्रजीतले ‘अप’, ‘आउट’, ‘ऑफ’ हेच करतात, फक्त धातूच्या मागे बसून. आणि ते धातूपासून सुटून लांबही जाऊ शकतात. याचंही नवल वाटायला नको, वेदांच्या भाषेत उपसर्ग असेच धातूपासून सुटे राहत. खुद्द इंग्रजीतही एके काळी ही मंडळी बरेचदा क्रियापदाच्या पुढे चिकटून यायची. ‘अपहोल्ड’ हा त्याचाच मागे राहिलेला नमुना. वरच्या कोर्टाने निकाल ‘अपहेल्ड’ केला म्हणजे कायम ठेवला, आणि वाटेत गाडी ‘हेल्ड अप’ झाली म्हणजे अडकून पडली. तेच दोन तुकडे, पुढेमागे केले की अर्थ कुठच्या कुठे.

हा प्रकार परक्यांना छळतो हे इंग्रजांनाही जुनं ठाऊक आहे. सॅम्युएल जॉन्सनने १७५५ साली आपला शब्दकोश काढला, त्याच्या प्रस्तावनेतच त्याने लिहून ठेवलंय की क्रियापदामागे असा छोटा शब्द लावून अर्थ फिरवण्याची ही रीत परदेशी माणसाला सर्वात जड जाते. ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव मात्र बरंच उशिराचं. लोगन पिअर्सल स्मिथ या लेखकाने ते १९२५ मध्ये छापलं आणि सुचवल्याचं श्रेय ऑक्सफर्ड शब्दकोशाचे एक संपादक हेन्री ब्रॅडली यांना दिलं. म्हणजे दुखणं जुनं, बारसं अलीकडचं.

बाकीचे अर्थ आता भराभर होतील.

‘मेक अप युअर माइंड’ म्हणजे ठरवणं, मनाशी पक्कं करणं. याचं भाषांतर हल्ली ‘मन बनवलं’ असं छापून येतं. तो हिंदीचा पाहुणा आहे. मराठीत ‘ठरवलं’ म्हणा, फार तर ‘मनाचा हिय्या केला’. माणसं अनेक असतील तर मनंही अनेक होतात, ‘दे मेड अप देअर माइंड्स’, हे विसरू नका.

भांडणानंतर ‘दे मेड अप’ म्हणजे समेट झाला. इथे पुढे कर्मच नसतं, फक्त माणसं असतात, म्हणून ओळखायला सोपं. मुलांच्या भाषेत कट्टीची बट्टी झाली. मोठ्यांसाठी आपल्याकडे ‘दिलजमाई’ असा झकास शब्द आहे, पांगलेली मनं पुन्हा जमा झाली. मला तरी ‘मेक अप’पेक्षा तो जास्त आवडतो.

‘मेक अप द नंबर्स’ म्हणजे नुसती संख्या भरायला घेणं. गल्लीतल्या क्रिकेटला दहाच जण जमले की कोणाच्या तरी धाकट्या भावाला उभं करतात, तो याच खात्यातला. त्याला बॅटिंग येत नाही आणि कोणी ती देतही नाही.

‘मेड अप ऑफ’ म्हणजे अमुक घटकांचा बनलेला. ‘द कमिटी इज मेड अप ऑफ सेव्हन मेंबर्स.’ टेबल मात्र ‘मेड ऑफ वुड’, तिथे ‘अप’ नको. एकसंध माल असेल तर नुसतं ‘मेड ऑफ’, वेगवेगळे घटक मिळून एक झाले असतील तर ‘मेड अप ऑफ’. आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेला बसणाऱ्यांनी याचा सरळ प्रकारही हाताशी ठेवावा : प्रौढ माणसाच्या शरीराचा सुमारे ६० टक्के भाग पाण्याचा असतो, हे ‘वॉटर मेक्स अप अबाउट सिक्स्टी पर्सेंट’ असं होतं. या अर्थाने ‘इज मेकिंग अप’ लिहू नका. आपल्याकडे दिसेल तिथे ‘इंग’ लावायची खोड आहे, ती इथे लगेच पकडली जाते.

थोडं थांबायला हवं ते ‘मेक अप’ आणि ‘मेक अप फॉर’ यांच्यापाशी, कारण तुमच्या वाक्यात पहिलं आहे आणि उत्तर लिहिताना लोक हमखास दुसरं वापरतात. ३५० रुपयांची तूट ३५० रुपयांनीच भरते. ज्या मातीचा खड्डा त्याच मातीने बुजवला : ‘मेक अप द डिफरन्स.’ आता समजा तुम्ही बायकोचा वाढदिवस विसरलात. तो दिवस काही परत आणता येत नाही. पुढच्या रविवारी बाहेर जेवायला नेलंत, गजरा आणलात, म्हणजे खड्डा दुसऱ्याच कशाने तरी भरलात. ते ‘मेक अप फॉर’. आणि तिच्याकडे बघून म्हणायचं असेल तर ‘आय विल मेक इट अप टु यू.’ या ‘टु यू’ मध्ये भरपाई कोणाला द्यायची ते येतं. वेळेच्या बाबतीत दोन्ही चालतात. पुण्याहून वीस मिनिटं उशिरा सुटलेली गाडी सोलापूरला वेळेवर पोचली, तर तिने ‘मेड अप द टाइम’ म्हणा किंवा ‘मेड अप फॉर लॉस्ट टाइम’ म्हणा.

याला मराठीत एक फक्कड प्रतिशब्द आहे, पण तो हल्ली वाईट संगतीला लागलाय : ‘उट्टं काढणे’. आठवडाभर झोप झाली नाही, रविवारी तिचं उट्टं काढलं. इथे कोणावर सूड उगवलेला नाही, राहिलेलं वसूल केलं इतकंच. क्रिकेटच्या बातम्यांनी मात्र त्याला कायमचं बदल्याच्या रांगेत बसवून ठेवलंय.

शब्दांच्या क्रमाचा एक नियम आहे. हा चुकला की बाकी सगळं बरोबर असूनही वाक्य कानाला बोचतं. नाम असेल तर ते ‘अप’च्या आधी किंवा नंतर, कुठेही बसतं : ‘मेक अप अ स्टोरी’, ‘मेक अ स्टोरी अप’. पण ‘इट’, ‘देम’ अशी सर्वनामं मधेच बसली पाहिजेत. ‘मेक इट अप’ बरोबर, ‘मेक अप इट’ कधीच नाही. ‘फॉर’ आला की मात्र तिघं घट्ट बसतात आणि सर्वनाम शेवटी जातं : ‘मेक अप फॉर इट.’

राहिला आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा मेकअप, लिपस्टिक-पावडरवाला. ते नाम. इंग्रजीत ते एकच शब्द म्हणून किंवा मधे आडवी रेघ देऊन लिहितात. क्रियापद मात्र दोन सुट्या शब्दांत. बोलताना फरक आणखी स्पष्ट होतो : नामात जोर ‘मेक’वर पडतो, क्रियापदात ‘अप’वर. मोठ्याने म्हणून बघा. आपण मराठीत ‘मेकअप’ला आधीपासूनच नामाचा उच्चार देतो, म्हणून क्रियापद बोलतानाही तोच तोंडात येतो आणि समोरच्याला क्षणभर पावडरचा डबा दिसतो. हा अर्थ एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी रंगभूमीवरून आला. नट भूमिकेसाठी चेहरा रंगवून ‘तयार’ व्हायचा, ते ‘मेकिंग अप’. आपल्या नाटकवाल्यांनी त्याला ‘रंगभूषा’ असा सुरेख शब्द दिला, पण तो श्रेयनामावलीत राहिला आणि घराघरात मेकअप शिरला.

छापखान्यातही एक मेकअप होता. जुळवलेले खिळे (म्हणजे छपाईची शिशाची सुटी अक्षरं), चित्रं, मथळे एका पानाच्या चौकटीत बसवणं म्हणजे ‘पेज मेकअप’. वर्तमानपत्रातली माणसं त्याला अजूनही ‘पान लावणे’ म्हणतात. खिळे गेले, शिसं गेलं, पान संगणकावर लागतं, शब्द टिकला. विड्याचं पानही लावतातच म्हणा.

एक शेवटची गंमत, परदेशी निघालेल्यांसाठी. माझी एक विद्यार्थिनी परिचारिका म्हणून लिव्हरपूलला गेली. पहिल्याच आठवड्यात एका आजीबाईंना तिने सांगितलं की उद्या घरी सोडणार आहेत. आजीबाई म्हणाल्या, ‘ओह, आयम मेड अप, लव्ह!’ हिने त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं, पावडरचा कण नाही. मग वाटलं, आपण काही खोटं बोललो असं म्हणतायत की काय. रात्री मला मेसेज आला, ‘मॅडम, वर्गात हा अर्थ नव्हता.’ खरंच नव्हता. लिव्हरपूलकडे आणि आयर्लंडमध्ये ‘मेड अप’ म्हणजे ‘खूश झालेय, हरखून गेलेय’. लंडनमध्येही याची खात्री धरता येत नाही, त्यामुळे हा अर्थ ऐकण्यापुरता ठेवा, वापरू नका.

आता तुमचं उत्तर. शुक्रवारच्या आत ३५० रुपये भराल, त्याची पावती घ्याल, आणि मेलला उत्तर लिहाल. ‘आय हॅव मेड अप द डिफरन्स’ हे अगदी बरोबर आहे. ‘आय हॅव मेड इट अप’ हे व्याकरणाने निर्दोष असलं तरी लिहू नका. त्यातला ‘इट’ म्हणजे तूट हे आज साहेबांना कळेल. सहा महिन्यांनी फाइल उघडणाऱ्या ऑडिटरला कळेलच असं नाही, त्याला तो कबुलीजबाब वाटायचा. मी तुमच्या जागी असते तर ‘मेक अप’च्या वाटेलाच गेले नसते, साधं लिहिलं असतं : ‘आय हॅव पेड इन द शॉर्टफॉल ऑफ रुपीज थ्री हंड्रेड अँड फिफ्टी. रिसीट अटॅच्ड.’ आणि पावती खरोखर जोडा. ‘अटॅच्ड’ लिहून फाइल जोडायला विसरणाऱ्यांचं इंग्रजी सुधारणं माझ्या हातात नाही.